जुन्या गाडीचें बलुतें

बैल विकत घेतांना आपले वाडवडील त्याचे दांत पाहात, खूर पाहात, चार पावलें चालवून पाहात, आणि मग उपरण्याखालीं हात घालून बोटांनीं भाव ठरवीत. दोन दांतांचा बैल आणि जुळलेला बैल यांतला फरक घरांतल्या पोराटोरांनासुद्धां ठाऊक असे. मराठवाड्यांतील पुष्कळ शेतकरी घरांत आतां बैलगाडीची जागा चार चाकांच्या पिकअपनें घेतली आहे. ही पिकअप बहुधा जुनीच घेतली जाते, कारण नवी घ्यावयाची तर नऊ-दहा लाख रुपयांची गोष्ट होते. पण दांत पाहण्याची ती विद्या मात्र बैलांबरोबरच गेली. गाडीचा रंग पाहिला जातो, आंतल्या गाण्यांचा आवाज ऐकला जातो, आणि सौदा होतो. पुढें वर्षभर दुरुस्तीवर जो पैसा जातो त्याला घरांतील माणसें नशीब म्हणतात. माझ्या मतें या नशिबाचा बहुतेक भाग आगाऊ मांडतां येण्यासारखा असतो, आणि तो न मांडल्यामुळें पैशापेक्षांही मोलाच्या गोष्टी घरांतून जाऊं पाहतात.

आमचें एकत्र कुटुंब हिंगोली जिल्ह्यांतल्या वसमत तालुक्याचें. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हांपासून आमचीं कचेरीचीं कामें हिंगोलीस होतात. हळदीचा बाजार वसमतलाही आहे आणि हिंगोलीसही. मी शाळेंतून निवृत्त झालों, धाकटे बंधु शेती पाहतात, त्यांचा मुलगा गाडी चालवतो, आणि घरखर्चाची वही माझ्या पत्नीच्या हातीं आहे. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाली कीं तिचीं पोतीं मोंढ्यावर न्यावीं लागतात. हंगामांत भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाहीं, आणि मिळाली तर तिचें भाडें आपल्या हातीं राहात नाहीं. म्हणून २०२३ सालच्या गुढीपाडव्याच्या सुमारास २०१७ सालची एक पिकअप आम्हीं ३,८५,००० रुपयांस घेतली. किलोमीटरच्या कांट्यावर तेव्हां १,१२,००० हा आंकडा होता. गाडी कोणत्या कंपनीची हें सांगण्याचें कारण नाहीं. या वयाच्या साऱ्याच पिकअपचीं दुखणीं थोड्याफार फरकानें सारखींच असतात.

सौदा करण्यापूर्वीं बंधूंनीं वसमतच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींना बरोबर नेलें होतें. पुतण्या त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्या हाताखालीं तो वर्षभर शिकला आहे. मिस्त्रींनीं एकच अट घातली होती. सकाळीं आपण जाईपर्यंत गाडी कोणींही सुरू करूं नये. "तापलेलं इंजन म्हणजे औषध देऊन निजवलेलं पोर," ते म्हणाले, "दुखणं काय ते कळत नाही." थंड इंजिन सुरू होतांना निघणारा धूर ही त्यांची पहिली खूण. निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळीत आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतें जळत नाहीं. हवेचा फिल्टर तुंबला असेल किंवा इंजेक्टर बिघडले असतील. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरमधलें पाणी कमी होत गेलें, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. नंतर त्यांनीं चालू इंजिनावरचें ऑइल भरावयाचें झांकण सैल केलें. तेथून थोडीशी वाफ येणें साहजिक आहे. पण भपाभप धूर येऊं लागला, तर सिलिंडरांतला दाब रिंगांवरून खालीं निसटतो आहे असें समजावें. अशा इंजिनाचें पुरतें काम करावयाचें म्हटलें तर त्यांच्या अंदाजानें साठ ते नव्वद हजार रुपये लागतात, म्हणजे गाडीच्या किंमतीचा पांचवा हिस्सा एका झांकणाखालीं दडलेला असतो.

इंजिनाची परीक्षा संपल्यावर ते पोतें अंथरून गाडीखालीं शिरले. चासीवर एखाद्याच ठिकाणीं ताजा रंग दिसला तर त्याखालीं वेल्डिंग असण्याचा संभव असतो. किलोमीटरच्या कांट्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. कांटा मागें फिरवितां येतो, पण क्लचच्या आणि ब्रेकच्या पायखुंटीवरील रबर खोटें बोलत नाहीं. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात; त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. टायर किती झिजला आहे हें कोणासही दिसतें, परंतु त्याचें वय या आंकड्यांवरून कळतें, आणि म्हातारा टायर जाडजूड दिसत असला तरी वैशाखांत फुटतो. आमच्या गाडीचे टायर २०१८ सालचे निघाले, आणि त्यांच्या कडांना बारीक भेगा पडलेल्या होत्या. सारें पाहून झाल्यावर मिस्त्रींनीं निकाल दिला: "इंजन चांगलं आहे. बाकी पहिल्या वर्षात पाऊण लाख धरून चाला." या एका वाक्याच्या जोरावर बंधूंनीं ४,३०,००० चा भाव ३,८५,००० वर आणला.

गाडीच्या पोटाइतकेच तिचे कागदही पाहावे लागतात. नोंदणीपत्रावरील इंजिनाचा आणि चासीचा नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबराशीं ताडून पाहावा. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची ना-हरकत आणि ३५ नंबरचा फॉर्म हातांत पडल्याशिवाय शेवटची रक्कम देऊं नये. मालकी बदलण्यासाठीं २९ व ३० नंबरच्या फॉर्मांवर विकणाऱ्याच्या सह्या लागतात. थकलेले दंड आहेत कीं काय, हें परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या कळतें. विम्याची पॉलिसी आपल्या नांवावर करून घेण्यासाठीं चौदा दिवसांच्या आंत अर्ज करावा. पुष्कळ लोक हें काम हंगामानंतर करूं म्हणून टाकून ठेवतात. मध्यंतरीं गाडीला कांहीं झालें, तर नुकसानीची भरपाई मागतांना पहिली अडचण याच ठिकाणीं येते.

आतां पहिल्या वर्षाच्या दुखण्यांकडे वळतों. आमच्या भागांतली जमीन काळी आणि चिकट. आषाढ-श्रावणांत शेताच्या पांदींत गाडी रुतली कीं चालक क्लच अर्धा दाबून तिला पुढेंमागें करतो. त्या वेळीं क्लचप्लेट घांसून घांसून तापते आणि जळकट वास येतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाहीं, असें झालें कीं प्लेट संपली असें समजावें. गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्यामुळें मिस्त्री एकट्या प्लेटवर थांबत नाहींत. प्रेशरप्लेट आणि बेअरिंगही त्याच वेळीं बदलतात, आणि तें योग्यच आहे. उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा देण्यापेक्षां बेअरिंग स्वस्त पडतें. मागच्या चाकांवरचे पाटे हा दुसरा विषय. खड्ड्यांतून भरलेली गाडी आपटली कीं मुख्य पाट्याला सूक्ष्म चीर जाते, आणि ती पुढें केव्हां तरी तुटते. गाडी उभी असतांना एका बाजूस कललेली दिसली तर पाट्यांकडे पाहावें. गिअर घालून सुटतांना खालून 'टक्' असा आवाज आला तर तो बहुधा शाफ्टच्या क्रॉसचा असतो. क्रॉस वेळेवर बदलला तर थोडक्यांत भागतें. न बदलतां चालवला आणि शाफ्ट रस्त्यांत सुटून पडला तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी.

आमच्याकडील उन्हाळा कडक, आणि विहिरीचें पाणी जड. कूलंटच्या ऐवजीं रेडिएटरमध्यें विहिरीचें पाणी ओतण्याची खोड पुष्कळांना असते. त्या पाण्यांतले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत सांचतात, जसे ते आपल्या बंबांत सांचतात, आणि मग भर दुपारीं कांटा वर चढूं लागतो. त्या वेळीं गाडी तशीच दामटली तर हेड वांकतें आणि पांच-सात हजारांचें काम तीस-चाळीस हजारांवर जातें. इंजेक्टरांचें दुखणें याहून नाजूक. अलीकडच्या इंजिनांत डिझेल हजाराहून अधिक वातावरणांच्या दाबानें फवारलें जातें. ज्या छिद्रांतून तें जातें तीं केसासारखीं बारीक असतात, त्यामुळें शेतावर कॅनमध्यें सांठविलेल्या डिझेलांतला गाळ किंवा पाणी त्यांना सोसत नाहीं. डिझेल फिल्टरच्या तळाशीं सांचलेलें पाणी ठराविक दिवसांनीं काढून टाकणें हा यावरचा बिनपैशाचा उपाय. तसेंच टर्बोचें. लांबचा पल्ला मारून आल्यावर इंजिन मिनिटभर तसेंच चालूं द्यावें; एकदम बंद केलें तर तापलेल्या बेअरिंगला ऑइल मिळत नाहीं. पुतण्या हें मिनिट न चुकतां मोजतो.

२०२४ सालच्या पाडव्याला वर्ष पुरें झालें आणि पत्नीनें वहीची बेरीज केली. चार टायर २५,६०० रुपये, इंजेक्टर साफ करून झिजलेले भाग बदलले त्याचे १३,२००, क्लच मजुरीसह १०,२००, तीन वेळां ऑइल व फिल्टर १०,२००, रेडिएटर व नळ्या ६,७००, ब्रेक ६,३००, बॅटरी ५,८००, पाटे ४,९००, क्रॉस व शाफ्टचें मधलें बेअरिंग ३,१००. एकूण ८६,०००. विमा, कर आणि डिझेल यांत धरलेलें नाहीं. गाडी त्या वर्षीं सुमारें वीस हजार किलोमीटर चालली होती.

घरांत या आंकड्यानें फार अस्वस्थता पसरली. मिस्त्रींचा पाऊण लाखाचा शब्द भाव पाडतांना सर्वांच्या लक्षांत होता. खर्चाच्या वेळीं तो कोणाच्याच लक्षांत राहिला नाहीं. एकत्र कुटुंबांत खर्च वाढला कीं माणूस शोधला जातो, आणि गाडीच्या बाबतींत तो शोधावा लागत नाहीं; स्टीअरिंगवर बसलेला असतोच. "पोराचा हात जड आहे," असें बंधु बोलून गेले. ब्रेकच्या ६,३०० रुपयांचा राग त्यांना विशेष होता, कारण ऐन हंगामांत, गाडी व्यवस्थित थांबत असतांना, पुतण्यानें कोणास न विचारतां एक दिवस गाडी मिस्त्रींकडे उभी केली होती. त्या दिवसाची मोंढ्याची फेरी बुडाली होती. पुतण्या वडिलांपुढें कांहींच बोलला नाहीं. रात्रीं माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, माझा हात जड असेल तर मी गाडी सोडतो. चाकणला मित्र आहे, तिकडं कंपनीत काम मिळेल." शेतीच्या घरांतून एक तरुण हात जाणें म्हणजे काय, हें खेड्यांत राहणाऱ्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. आमच्या घरीं दुसरा नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पत्नीनें मिस्त्रींना चहाला बोलाविलें आणि वही त्यांच्यापुढें ठेविली. "चाचा, यांतलं जुनं किती नि आमच्या पोराच्या हातचं किती, तेवढं सांगा," ती म्हणाली. मिस्त्रींनीं एकेक ओळ वाचून घेतली. टायर वयानें गेले होते. बॅटरी, रेडिएटर, इंजेक्टर, क्रॉस हीं मागच्या मालकाच्या वेळचीं दुखणीं. ऑइल तर गाडीचें रोजचें जेवण. राहतां राहिले क्लच आणि पाटे, मिळून १५,१०० रुपये. यांपैकीं क्लचनें लाखाहून अधिक किलोमीटर काढलेले होते. पाटा मात्र भारानें तुटला. आणि त्या दिवशीं एक फेरी वाचावी म्हणून जादा पोतीं चढवावयास कोणीं सांगितलें होतें, हें बंधूंनीं आपण होऊन सांगितलें. मग मिस्त्री ब्रेकच्या ओळीवर आले. गाडी थांबत होती खरी, पण थांबतांना डावीकडे ओढत होती, हें पुतण्याच्या हाताला जाणवलें होतें. ड्रम उघडला तेव्हां उजव्या मागच्या चाकाचा सिलिंडर गळत होता आणि लायनर ब्रेकऑइलनें भिजून गेलेले होते. "हे पैसे त्यानं विचारल्याशिवाय खर्च केले," मिस्त्री म्हणाले, "म्हणून आज आपण नुसती वही वाचत बसलोय." बंधु कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं मुलाला हांक मारून चहा दिला, आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणें तेवढें पुरेसें होतें.

त्या बैठकींत मला बलुत्याची आठवण झाली. माझ्या आजोबांच्या वेळीं, म्हणजे १९४८ पूर्वीं, हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि खेड्यांतला माल बैलगाडीनें जाई. चाकाची धांव सैल झाली, आरा मोडला, तर लांकूड-लोखंड धन्याचें आणि हात सुतार-लोहाराचा. त्याचा मोबदला कामागणिक मोजला जात नसे. सुगीला खळ्यावर धान्याचा वांटा दिला जाई. त्या वर्षीं चाक मोडलें किंवा न मोडलें, वांटा द्यावाच लागे. त्या पद्धतींत कारागिरांवर अन्याय पुष्कळ होता, आणि ती परत यावी असें कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाहीं. परंतु तींत एक समज होती. चाक मोडणारच आहे, तें केव्हां मोडेल एवढेंच ठाऊक नाहीं, हें गृहीत धरून दुरुस्तीचें धान्य खळ्यावरच बाजूला पडत असे. त्यामुळें चाक मोडल्याबद्दल गाडीवानाला कोणी बोल लावीत नसे.

मीं हा विचार बोलून दाखविला तेव्हां मिस्त्रींनीं लगेच आंकडा दिला. पहिल्या वर्षांत मागची थकबाकी होती. येथून पुढें किलोमीटरला तीन रुपये बाजूस टाकले तर पुरावेत. हिंगोलीच्या मोंढ्याची आमची फेरी जाऊन येऊन नव्वद किलोमीटरांची, म्हणजे दोनशें सत्तर रुपये. त्या पाडव्यापासून प्रत्येक फेरीमागें ही रक्कम पत्नीजवळच्या एका डब्यांत पडूं लागली. पुतण्या गांवांतल्या दुसऱ्यांचा माल नेतो तेव्हां त्या भाड्यांतूनही किलोमीटरला तीन रुपये आधीं निघतात, मग उरलेल्याला मिळकत म्हणावयाचें. डिझेलचे साडेआठ रुपये सर्वांना दिसतात, कारण ते पंपावर रोख मोजावे लागतात. हे तीन रुपये कोणाच्या डोळ्यांना दिसत नसत, म्हणून भाडें ठरवितांनाही ते विसरले जात.

दुसऱ्या वर्षीं गाडी तितकीच चालली. डब्यांत साठ हजार जमले आणि दुरुस्तीस छत्तीस हजार लागले. टर्बोचें काम १२,५००, ऑइल व फिल्टर पूर्वींइतकेंच १०,२००, हौद्याच्या गंजलेल्या पत्र्याचें वेल्डिंग ४,१००, पाट्यांचे बुश २,६००, चाकांचीं बेअरिंगें २,४००, सेल्फ २,२००, आणि ब्रेकचे २,०००. शेवटची रक्कम कांहींही बिघडलेलें नसतांना खर्च केलेली आहे. ब्रेकऑइल हवेंतला ओलावा शोषून घेतें आणि मग उताराला तापलें कीं उकळूं लागतें. म्हणून तें दोन वर्षांनीं बदलावें. पूर्वीं या कामाला परवानगी मागावी लागली असती. आतां डब्यांतून पैसे घेऊन पुतण्या वहींत एक ओळ लिहितो, एवढेंच.

याचा अर्थ जुनी गाडी कायमची सांभाळीत बसावें असा नाहीं. मालवाहू गाडीला आठ वर्षें झालीं कीं तिचा योग्यतेचा दाखला दर वर्षीं घ्यावा लागतो. आमची गाडी आतां त्या वयाची झाली आहे. मिस्त्रींनीं आम्हांला एक खूण सांगून ठेविली आहे. सलग दोन वर्षें डब्यांत पडलेल्या रकमेपेक्षां खर्च अधिक झाला, किंवा इंजिनाच्या पुऱ्या कामाची वेळ आली, तर गाडी विकण्याचा विचार करावा. त्या दिवशीं घरांत वाद होणार नाहीं असें नाहीं, पण तो वहीसमोर होईल आणि कोणा माणसाच्या नांवानें होणार नाहीं.

ज्या घरांतून गाडीचे पैसे निघतात त्या घरांतील स्त्रियांनीं ही वही आपल्या हातीं ठेवावी, अशी माझी सूचना आहे. गाडीशीं त्यांचा अभिमान गुंतलेला नसतो, त्यामुळें आंकडा जसा असेल तसा उतरतो. वहींत तीन रकाने पुरतात: तारीख, काम, आणि तें काम कां निघालें. पहिले दोन सगळेच लिहितात. तिसरा रकाना भरावयाचा म्हटला कीं मिस्त्रीला एक प्रश्न विचारावा लागतो, आणि ज्या घरांत असे प्रश्न विचारले जातात तेथें चालकालाही आपल्याला आलेली शंका वेळेवर सांगण्याचा धीर येतो. गाडी मोंढ्यावरून रात्रीं सुखरूप परत यावयाची असेल तर तो धीर त्याच्याजवळ असलाच पाहिजे.